लग्नाच्या दिवसापुरती कोऑर्डिनेटर घेतली आहे, तर आमच्याकडून काय तयारी हवी?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: डिसेंबरात वर्धा रोडच्या लॉनवर गोरज मुहूर्तावर लग्न, वऱ्हाड अमरावतीहून येणार, तुम्ही पुण्यात नोकरीला आणि आईबाबा नागपुरात. कोऑर्डिनेटर फक्त त्या दिवसापुरती घेतली आहे आणि तिच्या हाती काय काय द्यायचं हे तुम्हाला हवंय. मी नागपुरात हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

याद्या, वेळापत्रक हे सगळं पुढे सांगतेच. त्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा: त्या दिवशी शेवटचा शब्द कोणाचा? मुलीकडून एक माणूस आणि मुलाकडून एक. तुम्ही दोघं नको, दोघांचे आईवडीलही नकोत, कारण ते विधींना बसलेले असतात. चुलतभाऊ, मावसबहीण, एखादा शांत डोक्याचा काका चालेल. वऱ्हाड उशिरा पोहोचलं तर फराळ आधी की सीमांतपूजन आधी, जेवणं विहीण पंगतीसाठी थांबवायची की बाकीच्यांची सुरू करायची, असे प्रश्न पाच मिनिटांत सोडवावे लागतात. कोऑर्डिनेटर उत्तम असली तरी पाच काका पाच गोष्टी सांगू लागले की ती नुसती उभी राहते. ही दोन नावं तिला द्या आणि मोठ्या मंडळींनाही आधीच सांगून ठेवा. आत्या आणि मोठे काका यांना हे वडिलांनी स्वतः सांगितलेलं बरं, म्हणजे मानपानाचा प्रश्न येत नाही.

तसंच डेकोरेटर, केटरर, फोटोग्राफर, मेकअपवाली, बॅण्डवाले यांना तुम्ही स्वतः फोन करा आणि सांगा की त्या दिवशी या ताईंचं ऐकायचं. हा फोन झाला नसेल तर केटरर तिला सरळ म्हणतो, ‘साहेबांना विचारून सांगतो,’ आणि साहेब तर तेव्हा कन्यादानाला बसलेले असतात. प्रत्येकाशी काय ठरलं, ॲडव्हान्स किती गेला, बाकी किती, हे एका कागदावर लिहून बिलांच्या फोटोंसह तिला द्या. बाकीचे पैसे ज्याच्या त्याच्या नावाच्या पाकिटात घालून घरच्याच माणसाकडे ठेवा. दागिने आणि आहेराची बॅगही घरच्याच माणसाकडे. चांगली कोऑर्डिनेटर ही जबाबदारी स्वतःहून नाकारते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रात्री प्लेटांच्या हिशोबावरून हमखास कुरबूर होते, तेव्हा मोजणीला घरचा एक माणूस उभा करा आणि त्याचं नाव केटररला आधीच कळवा.

वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मोजत करा. नागपुरात डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे मंगलाष्टकं संपून माळा पडतील तोवर उजेड गेलेला असेल. दिवसाच्या उजेडात घरच्यांचे फोटो हवे असतील तर ते चारच्या आसपासच उरकायला हवेत, त्यासाठी मेकअप त्याआधी संपायला हवा, आणि मेकअप व साडी नेसवणं यांना आरामात तीन तास जातात. शिवाय साडी बदलणं असतंच: गौरीहराला पिवळी, मग शालू. प्रत्येक बदलाला किती वेळ लागेल हे मेकअपवालीला विचारून लिहा, अंदाजाने नको.

वऱ्हाडाचं गणित वेगळं. अमरावती ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, बसने तीन तास धराच. मध्ये चहाला थांबणं होतं आणि शहराजवळ येताच वाडीला गर्दी लागते. म्हणून त्यांना मुहूर्ताची वेळ सांगून थांबू नका, ‘बस अमुक वाजता अमरावतीहून सुटली पाहिजे’ असं सांगा. प्रत्येक बसमधल्या एकाचा नंबर कोऑर्डिनेटरकडे हवा. आपल्याकडे नवरदेव मांडवात येण्याआधी मारुतीच्या दर्शनाला जातो. लॉनजवळ मंदिर कुठे आहे, वरात तिथून रस्त्याने कशी येईल, हे आधी बघून ठेवा, आणि रस्त्यावरून वाजतगाजत येणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगीही काढा. पाहुणे दिल्लीकडून रेल्वेने येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशीच बोलवा, धुक्यामुळे त्या गाड्या फार रखडतात.

आता विधींचं सामान. सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते, म्हणून इथे वेळ घाला. गुरुजींकडून यादी घ्या आणि सगळं एका पेटीत न कोंबता विधीनुसार पिशव्या करा. सीमांतपूजनाची एक, गौरीहराची एक, अंतरपाट आणि अक्षतांची एक, लाजाहोमाची एक. प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी. मंगळसूत्र आणि जोडवी कोणाकडे आहेत ते कोऑर्डिनेटरला माहीत हवं. तसंच विधीनुसार माणसांचीही यादी द्या: मुलीला मांडवात आणणारा मामा, करवल्या, कानपिळीला भाऊ. फोटोसुद्धा द्या, कारण तिला मामा ओळखता आला नाही तर ती त्याला गर्दीत शोधणार कशी? बौद्ध पद्धतीने किंवा आंतरधर्मीय लग्न असेल तर विधींचा क्रम तिला आणखी नीट लिहून द्या, तो सगळ्यांना पाठ असतो असं समजू नका.

थंडीचा विचार लोक शेवटी करतात, तो आधी करा. डिसेंबरातल्या रात्री मोकळ्या लॉनवर गार वारा सुटतो. म्हातारी माणसं बसतील तिथे शेकोटी किंवा हीटर हवा, आणि जेवण भिंतीच्या आडोशाला हवं. पाटवडीचा रस्सा आणि वडाभात गरमच खावा, पुरी तर दोन मिनिटांत थंड होते. केटररला सांगा, पुऱ्या आणि सांबारवड्या (म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या) थोड्या थोड्या तळत राहायच्या. आणि फोटोग्राफर, ड्रायव्हर, बॅण्डवाले यांच्या जेवणाची वेळ व जागा लिहून द्या, ही माणसं बहुतेक लग्नांत उपाशी राहतात.

स्वागत समारंभात डीजे असेल तर रात्री दहाची मर्यादा पाळा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही. नाचायचं असेल तर कार्यक्रम लवकर सुरू करा.

हे सगळं कधी द्यायचं? साधारण महिनाभर आधी पहिली बैठक, तेव्हा तिला सोबत घेऊन लॉनवर एक फेरी मारा. लग्नाच्या वेळेलाच जा, म्हणजे दिवे, पार्किंग, जनरेटर आणि नवरीची खोली नीट दिसते. आठवडाभर आधी शेवटचा कागद द्या आणि त्यानंतर बदल करायचा असेल तर त्या दोन माणसांनीच कळवायचा. ती किती तास थांबणार, सोबत मदतनीस आहे का, पाठवणीपर्यंत राहणार का, हे करारात लिहून घ्या.

शेवटचं, ते कोणीच तुम्हाला सांगणार नाही. विवाहनोंदणी 90 दिवसांच्या आत करायची असते आणि अर्जावर गुरुजींची सही व तीन साक्षीदार लागतात. अर्ज भरून त्या दिवशी सोबत ठेवा आणि गुरुजी दक्षिणा घेऊन निघायच्या आधी कोऑर्डिनेटरला त्यांची सही घ्यायला सांगा. तुम्ही दोघं परत पुण्याला गेल्यावर त्यांना गाठणं फार जड जातं.