पूर्वसूचन, दैवदुर्विलास आणि ‘विडंबना’

प्रश्न असा आहे: ‘शोकांत प्रेमकथांवर लेख लिहितो आहे. फोरशॅडोइंगसाठी (पुढे घडणाऱ्याची आडून आधीच दिलेली चाहूल) पूर्वसूचना आणि आयरनीसाठी (अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं) विडंबना असे शब्द वापरले, तर मित्राने दोन्हींवर काट मारली. मग बरोबर शब्द कोणते?’ सोबत लेखातलं, शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’बद्दलचं एक वाक्य दिलं आहे: ‘ज्युलिएटच्या तोंडची ही पूर्वसूचना म्हणजे तिच्या प्रेमाची विडंबनाच होय.’

मित्राचं म्हणणं मला पटतं. मात्र दोन चुका एकाच जातीच्या नाहीत.

आधी विडंबना. ‘ही केवढी विडंबना!’ हे वळण हिंदीतून आपल्याकडे आलं आणि वर्तमानपत्रांनी ते रुळवलं. हिंदीत त्या शब्दाला आयरनीचा अर्थ आहे. मराठीत विडंबन म्हणजे एखाद्या कवितेची किंवा शैलीची नक्कल करून केलेली थट्टा, आणि विडंबना म्हणजे हेटाळणी, अवहेलना. त्यामुळे ‘प्रेमाची विडंबना’ वाचताना मराठी कानाला वाटतं की ज्युलिएटच्या प्रेमाची कुणीतरी टिंगल केली. तुम्हाला म्हणायचंय त्याच्या हे अगदी उलट आहे.

कोशात पाहिलंत तर आयरनीपुढे ‘उपरोध’ सापडेल. या शब्दाचा प्रवास मजेशीर आहे. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, त्रास. शाकुंतलात दुष्यंत तपोवनातल्या लोकांना उपरोध नको म्हणून रथ अलीकडेच थांबवतो, तो याच अर्थाने. मराठीत त्याला टोमण्याची धार आली. उपरोध म्हटला की तो करणारा माणूस आला, त्याचा हेतू आला. शोकांत कथेत असा कुणी नसतो. ज्याच्या तोंडी वाक्य असतं तो ते मनापासून बोलतो, आणि तो मनापासून बोलतो म्हणूनच आपल्या पोटात कालवतं. म्हणून नुसता ‘उपरोध’ इथे वापरू नये. पात्राला ठाऊक नाही आणि प्रेक्षकाला ठाऊक आहे, अशा जागेसाठी समीक्षेत ‘नाट्यात्म उपरोध’ रूढ आहे. विशेषणासकट तो चालेल.

घटनाच उलटी फिरते तेव्हासाठी मात्र आपल्याकडे एक फार सुंदर शब्द आहे: दैवदुर्विलास. विलास म्हणजे क्रीडा. दैव खेळतं, पण तो खेळ वाईट असतो. फक्त तो दुर्दैवाच्या जागी वापरू नये. रोमिओला लिहिलेलं पत्र पोचत नाही, कारण ते नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडून ठेवलेलं असतं. हे दुर्दैव. पण ज्या औषधाने ज्युलिएट मेल्यासारखी दिसावी आणि त्यातून दोघांची पुन्हा भेट व्हावी, ते औषध नेमकं तसंच काम करतं आणि म्हणूनच रोमिओ विष घेतो. हा दैवदुर्विलास. तारण्यासाठी केलेल्या उपायानेच बुडणं, ही त्याची खूण. काही जण इथे ‘विरोधाभास’ लिहितात. तो अलंकार आहे, त्यात विरोध नुसता दिसतो, खरा नसतो. इथे तो खराच असतो.

आता पूर्वसूचना. हा शब्द चूक नाही, पण दुसऱ्याच कामाला जुंपला गेलाय. ‘पूर्वसूचना न देता गैरहजर’ म्हणतो तो हा शब्द: कुणीतरी कुणालातरी उघडपणे आधी कळवणं. मराठीत ‘सूचना’ या रूपाला सांगण्याचा, बजावण्याचा अर्थ चिकटला, आणि आडून सुचवण्याचा अर्थ ‘सूचन’ या रूपाकडे राहिला. म्हणून पूर्वसूचन. एका कान्याने इतका फरक पडतो. ‘सूतोवाच’ही काही लेखांत दिसतो. ‘सूत उवाच’मधून आलेला तो शब्द विषयाला तोंड फोडण्यासाठी आहे, इथे तो नको.

‘मनात पाल चुकचुकली’ मला मनापासून आवडतं, पण ती पाल पात्राच्या मनात चुकचुकते. पूर्वसूचन लेखक करतो, पात्राला त्याचा पत्ताही नसतो. एक साधं वाक्य घ्या. दारात उभा राहून तो तिला म्हणतो, ‘छत्री राहू दे तुझ्याकडे, परत आलो की घेईन.’ तो परतणार नाही हे आपल्याला माहीत नसेल, तर वाक्य निसटून जातं. चाळीस पानांनंतर खुंटीवर ती छत्री दिसते आणि मग ते आठवतं. हे पूर्वसूचन. तेच, पहिल्याच पानावर त्याच्या मृत्यूची बातमी सांगून कथा मागे गेली असेल, तर वाक्य ऐकतानाच जीव कासावीस होतो. हा नाट्यात्म उपरोध. वाक्यातला एक शब्दही बदललेला नाही. बदललं ते एवढंच की आपल्याला केव्हा कळलं. म्हणूनच पहिल्या वाचनातलं पूर्वसूचन दुसऱ्या वाचनात नाट्यात्म उपरोध होऊन बसतं. शोकांत कथा पुन्हा वाचताना जास्त रडवते ती यामुळे, असं मला वाटतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात याच्या जवळ जाणारी संज्ञा आहे: पताकास्थानक. बोलणं एका गोष्टीचं चाललेलं असतं आणि अचानक त्यातून दुसरीच, पुढे येणारी गोष्ट सूचित होते. पताकेसारखी ती पुढच्याची खूण देते, म्हणून हे नाव, असं दशरूपक या संस्कृत नाट्यग्रंथाची टीका सांगते. भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक याच दृष्टीने वाचून पाहा. राम-सीता आपल्याच गतायुष्याची चित्रं पाहत आहेत. शूर्पणखेचं चित्र येताच सीता घाबरते. राम समजूत घालतो, अगं वियोगाला घाबरणाऱ्ये, हे तर चित्र आहे. मग ती थकून त्याच्या बाहूवर झोपते. तो तिच्याकडे पाहत म्हणतो, हिचं काय प्रिय नाही? असह्य असेल तर फक्त विरह. आणि त्याच क्षणी प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, आत येऊन म्हणते, ‘देव, उपस्थितः’, म्हणजे ‘महाराज, आला आहे’. कोण आला? ती सांगते आहे दुर्मुख या हेराबद्दल. पण आपल्या कानांत आधीचा शब्द ‘विरह’ अजून घुमतो आहे, आणि दोन्ही वाक्यं आपोआप जोडली जातात. दुर्मुख लोकापवादाची बातमी घेऊनच आलेला असतो.

याच अंकातला रथ तर मला त्याहून जिव्हारी लागतो. चित्रं पाहून सीतेला पुन्हा वनात जावंसं, भागीरथीत स्नान करावंसं वाटतं. गर्भवतीचे डोहाळे पुरवायचे म्हणून राम लगेच लक्ष्मणाला रथ सज्ज करायला सांगतो. तिला वनात सोडून यायला पुढे तोच रथ निघतो. ती आनंदाने, आर्यपुत्राच्या पायांना वंदन करून त्यात चढते. हौस तिची, आज्ञा प्रेमाची, रथ तोच. दैवदुर्विलासाचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. आणि हे नाटक शेवटी मीलनाकडे जातं! म्हणूनच ‘शोकांतिका’ऐवजी ‘शोकात्मिका’ हा शब्द काही समीक्षकांना जवळचा वाटतो. शेवट शोकाचा नसला तरी गाभा शोकाचा असू शकतो.

आता तुमचं वाक्य. पहाटे रोमिओ खिडकीतून खाली उतरतो आणि वरून पाहताना ज्युलिएटला तो थडग्याच्या तळाशी पडलेल्या प्रेतासारखा दिसतो, ती जागा तुमच्या मनात असणार. तिच्या मनात पाल चुकचुकते हे तिचं भय. ती त्याला पुन्हा पाहील तेव्हा तो खरोखरच थडग्यात मेलेला असेल, हे लेखकाचं पूर्वसूचन. दैवदुर्विलास इथे अजून घडलेलाच नाही. तो पुढे त्या थडग्यात घडतो, जेव्हा रोमिओला तिच्या ओठांवर, गालांवर लाली दिसते, मृत्यूची फिकट पताका तिथे अजून लागलेली नाही असं तो स्वतःच म्हणतो, आणि तरीही ती जिवंत आहे हे त्याला उमगत नाही.

म्हणून एका वाक्याची दोन करा: ‘खिडकीतल्या निरोपात ज्युलिएटच्या तोंडून आलेले उद्गार हे रोमिओच्या मृत्यूचे पूर्वसूचन आहे. ज्या औषधावर तिने भेटीची आशा ठेवली त्यानेच रोमिओचा जीव जावा, हा दैवदुर्विलास.’