‘पावडर’ म्हणजे नेमकं काय? नशेच्या बोलीतले काही शब्द

विचारणा अशी आहे: व्यसनी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना वाटण्यासाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. गर्द, ब्राऊन शुगर, स्मॅक, हेरॉइन हे एकच का? एमडी म्हणजेच एमडीएमए का? ‘ओव्हरडोस’ आणि ‘विथड्रॉवल’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘गर्दुल्ला’ लिहावं की नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गर्द, ब्राऊन शुगर आणि स्मॅक ही तिन्ही हेरॉइनचीच बाजारातली नावं. गर्द हा फारसीतून आलेला, अर्थ धूळ किंवा भुकटी. ‘गर्द झाडी’तल्या गर्दशी त्याची गल्लत करू नये. ऐंशीच्या दशकात मुंबईत हेरॉइनची पुडी पसरली आणि हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुजला. आता रस्त्यावर ‘ब्राऊन’ किंवा नुसतं ‘पावडर’ जास्त ऐकू येतं. स्मॅक हा उत्तरेकडचा.

पण एकच पदार्थ म्हणून एकच माल नव्हे. ब्राऊन शुगर हे कच्चं, कमी शुद्ध हेरॉइन. त्यात कॅफीन, पॅरासिटामॉल आणि हाताला लागेल ते मिसळलेलं असतं, आणि किती मिसळलंय हे पुडी पाहून कळत नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून चांदीच्या कागदावर, म्हणजे ‘पन्नी’वर, तापवून नळीने धूर ओढतात. त्याला म्हणतात ‘चेस मारणं’. तेच सुईने घ्यायचं तर आंबट काहीतरी घालावं लागतं, आणि लोक लिंबू पिळतात. लिंबाच्या रसातली बुरशी रक्तातून डोळ्यात जाऊन दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून पत्रकात ‘ब्राऊन शुगर घेऊ नका’ इतकंच छापून भागत नाही. लिंबाचं वाक्य वेगळं हवं.

खरा घोटाळा ‘पावडर’ या शब्दाचा. व्यसनमुक्ती केंद्रातल्या जुन्या पेशंटच्या तोंडी पावडर म्हणजे ब्राऊन शुगर. पार्टीला जाणाऱ्या विशीतल्या मुलाच्या तोंडी पावडर म्हणजे एमडी, क्वचित कोकेन. दोन्ही टोकांचे पदार्थ! पहिला पदार्थ श्वास मंद करतो, दुसरा हृदय पळवतो. मित्र दवाखान्यात येऊन ‘त्याने पावडर घेतली’ एवढंच म्हणाला तर डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही. तेव्हा पत्रकात चार प्रश्न छापा: दिसायला कशी होती (रंग, भुकटी की खडे), कशी घेतली (पन्नीवर, नाकाने, सुईने की गिळून), कधी घेतली आणि तिच्यासोबत दारू किंवा गोळ्या होत्या का. नाव पाचव्या क्रमांकावर. ‘माल’ आणि ‘स्टफ’ हे तर त्याहून निरुपयोगी. एका कट्ट्यावर माल म्हणजे गांजा, दुसऱ्यावर काहीही.

आता एमडी. मुंबई-पुण्याच्या बोलीत आणि पोलिसांच्या बातम्यांत एमडी म्हणजे मेफेड्रोन, ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात तेच. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, रसायन वेगळं. गंमत अशी की इंग्लंडकडच्या बोलीत ‘एमडी’ म्हणजे एमडीएमए. त्यामुळे गोव्यात एखादा परदेशी पर्यटक आणि मुंबईचा मुलगा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असू शकतात. फरक नुसता कागदोपत्री नाही. एमडीएमए गिळल्यावर परिणाम जाणवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि तो काही तास टिकतो. नाकाने ओढलेलं मेफेड्रोन काही मिनिटांत चढतं, लवकर उतरतं, आणि उतरता उतरता पुन्हा घ्यावंसं वाटतं. एका रात्रीत वारंवार घेतलं जातं ते त्यामुळे. उलट बाजूने, मेफेड्रोनच्या सवयीचा माणूस एमडीएमएची गोळी घेऊन ‘अजून काही होत नाही’ म्हणून लगेच दुसरी घेतो, आणि दोन्ही एकदम चढतात.

मेफेड्रोन आपल्याकडे २०१५ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं. त्या कायद्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये...’ असं सुरू होतं. रात्रभर जागवणारा पदार्थ गुंगीकारकांच्या कायद्यात! पुढचे ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ’ हे शब्द त्याला सामावून घेतात, पण ते कोणी वाचत नाही.

‘बटण’ आणि मालेगावकडची ‘कुत्ता गोळी’ यांचा उल्लेख विचारणेत नाही, तरी पत्रकात घालाच. कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम, चिंतेवर देतात ती गुंगी आणणारी गोळी. बटण म्हणजे तीच किंवा नायट्राझेपाम ही झोपेची गोळी. औषधाच्या दुकानातून आलेली म्हणून लोकांना ती सौम्य वाटते. एकटी घेतली तर झोप आणि विसर. पण दारू किंवा ब्राऊन शुगरच्या जोडीला घेतली तर दोन्ही मिळून श्वास दाबतात.

आता विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास. इथे ‘टर्की’ हा शब्द येतो. इंग्रजीतल्या ‘कोल्ड टर्की’चं अर्ध आपण उचललं आणि चांगलं पचवलं: ‘टर्की लागली’, ‘टर्कीत आहे’, ‘टर्की काढली’. विथड्रॉवलला शब्दकोशी ‘माघार’ शोधत बसू नका. ज्याला ती लागते त्याला टर्कीच कळते. मात्र टर्की आणि तलफ एक नव्हे. तलफ म्हणजे मनाची ओढ. ती वर्षांनंतरही येते. टर्की शरीराची: ब्राऊन शुगर थांबल्यावर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस आणि आठवड्याभरात उतार. ही टर्की भयंकर असते, पण धडधाकट माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. पाणी आणि क्षार पोटात जात राहिले पाहिजेत. बटणाची आणि दारूची टर्की वेगळी. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊन माणूस दगावू शकतो. त्यामुळे ‘खोलीत कोंडा, टर्की निघून जाईल’ हा घरगुती सल्ला बटणाच्या बाबतीत धोक्याचा आहे. तिथे डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

ओव्हरडोसला वर्तमानपत्रं ‘अतिसेवन’ लिहितात. माझ्या मते पत्रकात तो शब्द टाळावा. अतिसेवन म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, खूप घेतलं की होतं. मी तर नेहमीचंच घेतो. प्रत्यक्षात नेहमीचंच घेऊन माणसं जातात, विशेषतः तुरुंगातून, इस्पितळातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या दिवसांत. शरीराची सवय मोडलेली असते, हाताला जुना अंदाज असतो. ‘ओव्हरडोस’ तसाच ठेवा, शेजारी लिहा: ‘शरीराला पेलण्यापलीकडे, नेहमीच्या मात्रेनेही होऊ शकतो’.

‘स्वच्छ सुई वापरा’ हेही बदला. घरात स्वच्छ म्हणजे धुतलेलं, आणि सुई पाण्याने धुऊन कावीळ ब-क (हेपटायटिस बी-सी) किंवा एचआयव्हीचे विषाणू जातीलच असं नाही. ‘दर वेळी नवी, पाकीटबंद सुई आणि सिरिंज’ असं लिहा. ‘सुई शेअर करू नका’ वाचून लोक सुई वेगळी ठेवतात, पण चमचा, गाळायचा कापूस आणि पाणी सामाईक असतं. हेपटायटिस सी तिथूनही पसरतो. त्यांची नावं घेऊन लिहा.

गर्दुल्ला, चरसी, गंजेडी हे शब्द भाषेत आहेत आणि राहतील. शब्दकोशातून काढायची गरज नाही. पण ज्याच्या हातात पत्रक पडणार तोच त्यातला गर्दुल्ला असेल, तर पहिल्या ओळीलाच तो कागद चुरगाळेल. ‘ब्राऊन शुगर घेणारे’ पुरेसं आहे. ‘व्यसनग्रस्त’ चालेल, पण अधूनमधून घेणाऱ्याला तो आपल्याबद्दल वाटत नाही.

शेवटचं पान तातडीचं ठेवा आणि तिथे बोलीभाषाच वापरा. हलवून, हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने घासूनही उठत नाही, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: हे ब्राऊन शुगर किंवा अफूच्या जातीच्या गोळ्यांचं. १०८ ला फोन. श्वास बंद पडत असेल तर तोंडाने श्वास द्या. चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. दूध, मिठाचं पाणी, थंड पाण्याची अंघोळ नको. नॅलोक्झोन या इंजेक्शनाने श्वास परत येतो, पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेल्याला घरी सोडू नये. बटणावर नॅलोक्झोन चालत नाही; तरी काय घेतलंय हे माहीत नसेल तर देण्यात नुकसान नाही. बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, जबडा आवळलेला, छाती धडधडते, माणूस घाबरलेला किंवा आक्रमक: हे एमडीकडचं. त्याला थंड, शांत जागी बसवा, अंग ओलं करा, दवाखान्यात न्या, आणि शांत करायला म्हणून घरातली झोपेची गोळी देऊ नका. दोन्ही प्रसंगी उरलेली पुडी, रिकामी पट्टी किंवा बाटली डॉक्टरला दाखवा. पोलिसांच्या भीतीने ती फेकली जाते, तेव्हा पत्रकात हेही छापा, की कमी प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.