ख्रिस्ती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना श्रद्धा आणि विषय यांची सांगड कशी घालावी?

आपण नव्याने रुजू झाला आहात आणि ही सांगड प्रत्यक्ष तासाला कशी घालावी, असे विचारता. तासाच्या आरंभी बायबलमधले वचन वाचणे म्हणजे सांगड नव्हे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यापायी माझी बढती एकदा दोन वर्षे अडली होती.

बढतीसाठी श्रद्धा व विषय यांच्या नात्यावर निवेदन द्यावे लागे. मी जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी लिहिले. विश्व प्रसरण पावत असल्याचे १९२७ मध्ये मांडणारे हे शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या सिद्धान्तात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले, कारण त्यांच्या लेखी तो सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा होता.

समितीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "पण तुमच्या तासाला पवित्र शास्त्र कुठे आहे?" मी त्यांना प्रयोगशाळेतील एक प्रसंग सांगितला. लंबकाच्या प्रयोगात एका विद्यार्थिनीचे गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.४ आले होते आणि तिने ते खोडून पुस्तकातले ९.८ लिहिले होते. गुण कापण्याऐवजी मी तिच्यासोबत लांबी पुन्हा मोजली. तिने दोरा गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजला होता, केंद्रापर्यंत नव्हे. फरक एका सेंटिमीटरचा, पण पंचवीस सेंटिमीटरच्या लंबकात तेवढ्याने मूल्य चार टक्क्यांनी घटते. तिने खोडलेला आकडाच चूक दाखवीत होता. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा तिला तोंडपाठ होती. वहीतला आकडाही साक्षच असतो, हे मी तिला त्या दिवशी सांगितले.

सहकारी म्हणाले, "हे तर प्रामाणिक नास्तिकही शिकवील." तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज म्हणेन, अवश्य शिकवील, आणि त्यात आपले काहीच उणे होत नाही. मात्र सृष्टी निर्मात्याची आहे असे मानणाऱ्यावर ती आहे तशीच मोजण्याचे बंधन दुहेरी असते. म्हणून आपल्या निवेदनात वचनांची यादी देऊ नका, प्रयोगशाळेत काय घडते ते लिहा.

इतिहास, साहित्य वा तत्त्वज्ञान यांना हे जसेच्या तसे लागू नाही, कारण तेथे मनुष्य म्हणजे काय हा प्रश्न अभ्यासक्रमातच असतो. शिवाय काही संस्था अध्यापकाकडून विश्वासाच्या जाहीरनाम्यावर, म्हणजे संस्थेची धर्मश्रद्धा मांडणाऱ्या लेखावर, सही घेतात. तो आधी नीट वाचावा.

दुसऱ्या खेपेस मी निवेदनाला त्या वहीचे पान, विद्यार्थिनीच्या परवानगीने, जोडले आणि बढती मिळाली. ते सहकारी तोवर निवृत्त झाले होते. ते पान त्यांनी पाहायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.