वाचकांचे प्रश्न: जुन्या रायफलला त्या काळातली साइट

प्रश्न: माझ्याकडे वारशाने आलेली विंचेस्टर 1894 रायफल आहे, .30-30 काडतुसाची, 1903 साली बनलेली. आधी कुणीतरी मागची साइट (नेम धरायचा भाग) काढून तिथे हिरवी चमकणारी फायबर ऑप्टिक ठोकलीये, बघवत नाही. मला त्या काळातली पीप साइट, म्हणजे छिद्रातून बघून नेम धरायची, लावायचीये. रिसीव्हरच्या (काडतूस आत घेणाऱ्या मधल्या लोखंडी भागाच्या) बाजूला दोन भोकं पाडून बसवता येईल असं एकजण म्हणाला. करू का?

उत्तर: नका हो, भोकं अजिबात पाडू नका! हल्ली मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूच्या पीप तुमच्या रायफलनंतर कित्येक वर्षांनी आल्या, म्हणजे भोकं पण पडणार आणि काळही जुळणार नाही. लायमन या साइट बनवणाऱ्या कंपनीची 21 नंबर बाजूलाच बसायची आणि ती जुनीच आहे, पण फॅक्टरीतूनच भोकं असतील तरच तिचा विचार करा. साइट कधीही काढून ठेवता येते, रिसीव्हरला पाडलेलं भोक मात्र कायमचं.

तुमच्यासाठी सरळ उत्तर टँग साइट. विल्यम लायमनचं पेटंट 1879 चं, त्यामुळे 1903 च्या रायफलवर ती अगदी शोभून दिसते. हॅमरच्या (घोड्याच्या) मागे दस्त्यावर जी लोखंडी पट्टी जाते ना, तीच टँग, तिच्याकडे नीट बघा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या 1894 वर तिथे बहुतेक वेळा दोन स्क्रू दिसतात, पुढचा नुसता भोक बुजवायला असतो आणि मागचा दस्ता धरून ठेवणारा. साइट याच दोन भोकांवर बसते, फक्त मागे मूळच्यापेक्षा लांब स्क्रू लागतो कारण मध्ये साइटच्या बेसची जाडी येते. हे आटे आजच्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत, तेव्हा हाताने सहज फिरत नसेल तर जोर लावू नका, आटे गेले की मग खरंच कुणाकडे तरी ड्रिल घेऊन जावं लागतं. काढलेले मूळ स्क्रू डबीत नाव लिहून ठेवा.

बेस विकत घेताना फसायला होतं. प्रत्येक मॉडेलच्या टँगचा बाक वेगळा, 1886 मॉडेलची साइट 1894 वर चपखल बसत नाही, म्हणून लायमन बेसवर ओळखीचं अक्षर ठोकायचे. ते जुन्या कॅटलॉगशी ताडून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. लायमनच्या 1 नंबरच्या टँग साइटमध्ये बारीक छिद्राची चकती बाजूला वळते, 2 नंबरमध्ये ती स्क्रूने काढता येते. शिकारीला चकती बाजूला करून मोठी रिंगच वापरा, डोळा आपोआप मध्यभाग शोधतो, लोकांना हे पटायला वेळ लागतो पण खरं आहे. स्क्रू आवळण्याआधी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून लिव्हर पूर्ण उघडा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मागे येतो तेव्हा साइटला लागत नाही ना ते बघा.

आता ती हिरवी साइट. बॅरलची साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढतात आणि उजवीकडूनच आत घालतात (नेमबाजाच्या बाजूने बघून). आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, पितळी पंच वापरा. रिकाम्या खाचेत कोरा ठोकळा किंवा घडी होऊन आडवी पडणारी पातळ पट्टीची साइट बसवा, नाहीतर पीपमधून बघताना मधली साइट आड येते. नवा भाग घट्ट होत असेल तर कानस त्या भागाच्या तळाला लावा, बॅरलच्या खाचेला कधीच नाही.

आणि एक, अनुक्रमांक 3,53,999 पर्यंतचा असेल तर अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडून फॅक्टरी नोंदीचं पत्र मिळतं. खास साइट मागवलेली असली तर कधीकधी त्यात लिहिलेलं असतं, मग अंदाज करायची गरजच नाही.

प्रश्न: मूळ बकहॉर्न साइट (शिंगांसारख्या दोन टोकांची मागची साइट) परत लावली, तिची उंची ठरवणारी पायरी सगळ्यात खाली आहे तरी 100 यार्डावर 6 इंच वर लागतंय. बकहॉर्न घासू का?

उत्तर: बकहॉर्नला हात लावू नका, पुढची साइट उंच करा. मार वर जातोय म्हणजे पुढची साइट बुटकी आहे, बहुतेक मध्ये कुणीतरी बदललेली. दोन्ही साइटमधलं अंतर मोजा, समजा 20 इंच निघालं. 6 गुणिले 20 भागिले 3600 (100 यार्डाचे इंच), उत्तर साधारण 0.033 इंच, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही थोडं कमी. जुन्या हस्तिदंती किंवा सोनेरी मण्याच्या साइट वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, तर आत्ताच्या साइटची उंची खाचेच्या तळापासून कॅलिपरने मोजा आणि त्यात एवढं मिळवून त्याहून किंचित उंचच घ्या. उंच असेल तर मागची पायरी एक घर वर घेऊन जमतं, बुटकी निघाली तर पुन्हा तिथेच अडाल. खाच बऱ्याचदा 3/8 इंचाची असते पण मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.