कर्बाचे पैसे: किती, कधी आणि कोणाच्या हातात?

गेल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातल्या पलूस, मिरज आणि जत या तिन्ही तालुक्यांतून एकाच विषयावर फोन आले. कुठल्याशा एजन्सीची पोरं गावोगाव फिरतायत, सातबाऱ्याचा फोटो काढून घेतायत आणि ‘तुमच्या मातीतला कार्बन आम्ही विकून देतो’ म्हणतायत. काही गावांत सह्याही झाल्या. आलेल्या प्रश्नांतले सहा इथं घेतो. पहिल्या दोनांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्यांची मुळं त्यातच आहेत.

अंकलखोपहून: चार एकर ऊस आहे. कार्बन क्रेडिटचे एकरी दहा-पंधरा हजार मिळतात असं सांगून गेलेत. खरं का?

दादा, कागद-पेन्सिल घ्या, हिशेब तुम्हीच मांडा.

एक क्रेडिट म्हणजे हवेतला १ टन कार्बन डायऑक्साइड मातीत अडकवल्याची, किंवा तेवढंच तापवणारा दुसरा वायू हवेत जाऊ न दिल्याची पावती. ज्या कंपन्यांना आपल्या धुराची भरपाई दाखवायची असते, त्या ही पावती विकत घेतात. मातीत हा कार्बन सेंद्रिय कर्बाच्या, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनच्या रूपात साठतो. १ टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, हा गुणक रसायनशास्त्राचा आहे, त्यात कोणाला घासाघीस करता येत नाही.

आता तुमचं रान. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वरच्या ३० सेंटिमीटर थराची माती, घनता घनमीटरला १.३ टन धरली, तर साधारण १,५८० टन भरते. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, म्हणजे माती परीक्षणाच्या कार्डावर ०.४२ चा ०.५२ झाला, तर १.५८ टन कर्ब वाढला. त्याला ३.६७ ने गुणलं की ५.८ क्रेडिट. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या उन्हात साठलेला कर्ब जोमानं जळतोही. ०.१ टक्का खरोखर वाढवून टिकवायला दहा वर्षं धरा. म्हणजे एकरी वर्षाला अर्ध्या क्रेडिटच्या जरा वर.

भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता १ क्रेडिटचा १,००० रुपये धरू. एकरी वर्षाला ५८० रुपये झाले. त्यातून माती तपासणी, त्रयस्थ पडताळणी, नोंदणी आणि एजन्सीचा वाटा जातो. शिवाय काही क्रेडिट विकायचीच नसतात, पुढे कोणी रान नांगरून कर्ब उडवला तर भरपाईला म्हणून सामायिक राखीव खात्यात ठेवावी लागतात. हातात निम्मे पडले तर तीनशेच्या आत-बाहेर. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. म्हणजे एकरी वर्षाला युरियाचं एक पोतं आणि वर चहा. तेही दरवर्षी नाही, पडताळणी पार पडल्यावर, बहुधा दोन-चार वर्षांतून एकदा.

पंधरा हजार सांगणाऱ्याला एवढंच विचारा: एकरी वर्षाला किती टन धरलाय आणि भाव काय धरलाय? हे दोन आकडे सांगता आले नाहीत तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

भिलवडीहून: मी सात-आठ वर्षं पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, जाळत नाही, तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यात दाबतो. मला तर जास्त क्रेडिट मिळायला पाहिजेत ना?

न्यायानं पाहिलं तर हो. बाजाराच्या नियमानं नाही, आणि हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

क्रेडिट मिळतं ते बदलाला. प्रकल्प नसता तर जे झालं नसतं, तेच मोजलं जातं. जगात अनेक शेती-प्रकल्प ज्या पद्धतीनं मोजले जातात, त्या व्हेरा संस्थेच्या व्हीएम ००४२ मध्ये मागच्या किमान तीन वर्षांच्या मशागतीची नोंद मागतात. पुढचा निकष आणखी चमत्कारिक आहे: प्रकल्पात घेतलेल्या पद्धती त्या भागात आधीच सरासरी २० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर रुळलेल्या असतील, तर त्यात नवीन काही नाही असं धरतात. थोडक्यात, काल-परवापर्यंत काडी लावणाऱ्या शेजाऱ्याला पैसे आणि तुम्हाला शाबासकी. तुम्ही पाचटाच्या जोडीला काही नवं धरलंत, उदाहरणार्थ ठिबकमधून खत देऊन नत्र कमी केलं, तर तेवढ्या बदलाचा विचार होऊ शकतो. आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाला, शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक तापवणारा वायू, त्यामुळे तिथली बचत हिशेबात धरतात.

पण दादा, तुमची कमाई पावतीवर नाही, रानात आहे. गेल्या उन्हाळ्यात मी कृष्णाकाठच्या अशाच एका खोडव्यात उभा होतो. बाहेर पायाला चटके बसत होते. सरीतलं पाचट बोटांनी उचकटलं तर खाली माती गार, ओलसर, पाचटाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या बुरशीचं जाळं आणि गांडुळांच्या विष्ठेचे दाणे, शेवयाचा चुरा सांडावा तसे. बांधाच्या पलीकडचं रान पेटवलेलं. तिथं टाचेनं उकरलं तर पापुद्रा निघाला आणि खाली ढेकूळ. दोन्हींना पाणी एकाच दिवशी मिळालं होतं.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्धा टक्का आणि पालाश (पोटॅश) एक टक्क्याच्या आसपास धरलं, तर चार टनांत २० किलो नत्र आणि ४० किलो पालाश झालं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पोत्यात पालाश ३० किलो असतं. म्हणजे नुसत्या पोटॅशमध्येच तुम्ही क्रेडिटवाल्याच्या पुढे गेलात. सगळं एका वर्षात मिळत नाही, पण रान सोडून कुठं जातही नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी पद्धत सांगून ठेवतो. तोडणी झाल्या झाल्या बुडख्यावरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटून त्यावर बुरशीनाशक फवारा. प्रत्येक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. युरिया आणि संवर्धक एकत्र कालवू नका, आधी खत विस्कटा, मग शेणकाल्यात मिसळलेलं संवर्धक शिंपडा. पाणी द्या आणि वाफशावर पाचटाचा मातीशी संबंध येईल असं बघा. युरिया वाचवायला गेलात तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र खातात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचटानं ऊस बसला.

ऊसतोड टोळीवाले ‘पेटवून दिला तर लवकर तोडतो’ म्हणतात, तिथं मात्र घट्ट राहावं लागतं. जळीत उसाला कारखान्याची कपात बसते, ती वेगळीच.

मिरज पूर्व भागातून: माझ्या कार्डावर सेंद्रिय कर्ब ०.४२ आहे. याच कार्डावर क्रेडिट मिळेल का? माझं रान चुनखडीचं आहे, त्यात कार्बन भरपूर असतो म्हणे.

कार्ड खताची मात्रा ठरवायला आहे. त्यासाठी आपण १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घेतो. क्रेडिटसाठी किमान ३० सेंटिमीटर खोल, जीपीएसवर नोंदलेल्या ठिकाणाहून आणि मातीची घनताही मोजून नमुना लागतो. घनता मोजली नाही तर नुसती टक्केवारी फसवते. नांगरून भुसभुशीत झालेल्या आणि ट्रॅक्टरनं दाबलेल्या रानात टक्केवारी सारखी आली तरी कर्बाचं वजन सारखं नसतं.

चुनखडीचं म्हणाल तर हो, तिच्यात कार्बन असतो, पण तो खडकाकडून आलेला. तुमच्या कष्टानं साठलेला नाही, म्हणून तो मोजायचा नाही. मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं तर चुनखडी आहे. अशी माती भट्टीत जाळून एकूण कार्बन काढला की आकडा फुगतो, म्हणून आधी आम्लानं चुना घालवावा लागतो किंवा तो वेगळा मोजून वजा करावा लागतो. तुमच्या भागात कोणी नमुना न्यायला आला तर हा प्रश्न त्याला जरूर विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर समजून घ्या.

कृष्णाकाठावरून: रान क्षारपड झालंय, मीठ फुटलंय. इथं क्रेडिट घेता येईल का?

आधी निचरा. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा, चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन) असेल तर माती परीक्षणानुसार जिप्सम, मग हिरवळीचं खत म्हणून फुलोऱ्याआधी गाडायला धैंचा. ताग तिथं तग धरणार नाही. क्रेडिटचा विचार रान उगवतं झाल्यावर.

पलूसहून: करारावर सही करू का? बचत गटातल्या बायकाही विचारतायत.

ताई, सही करण्याआधी एक जुनी गोष्ट ऐका. अमेरिकेत २००३ मध्ये शिकागो क्लायमेट एक्स्चेंज नावाचा बाजार सुरू झाला. नांगरट बंद करणारे शेतकरी आणि कुरणं जपून चारणारे पशुपालक त्यात आले. नॉर्थ डकोटा फार्मर्स युनियनसारख्या शेतकरी संघटनांनी हजारो एकरांचे गठ्ठे बांधून ते विकले. २००८ मध्ये टनाचा भाव सात डॉलरच्या वर गेला. २०१० मध्ये तो दहा सेंटच्याही खाली आला आणि बाजार गुंडाळला. घेणाऱ्यांवर कायद्याची सक्ती नव्हती, मागणी आटली, संपलं. तिथल्या एकेकाकडे शेकडो एकर होते, आपल्याकडे दोन. एकट्यानं हा धंदा परवडतच नाही, हेही यातून घ्या. मोजणीचा खर्च हजारो एकरांवर पसरला तरच काही उरतं. म्हणून जायचंच असेल तर आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ठरावानं जा.

आपल्याकडे केंद्रानं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयानं शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. म्हणजे विषय खोटा नाही. खोटी असतात ती मधली माणसं, आणि तीही सगळी नाहीत.

करार मराठीत मागा. तो किती वर्षांचा आहे आणि मधेच रान विकलं, वाटणी झाली किंवा खंडानं दिलं तर काय, हे लिहिलेलं हवं. तुमचा वाटा विक्रीच्या रकमेवर आहे की खर्च वजा जाऊन उरलेल्यावर, हे बघा. ‘नफ्याच्या ७० टक्के’ हे वाक्य फार गोड असतं, नफा मात्र तेच ठरवतात. प्रकल्प कुठल्या नोंदणी संस्थेकडे आहे त्याचा क्रमांक घ्या आणि पोराबाळांकडून संकेतस्थळावर तपासून घ्या. जमिनीचा एकच गट नंबर दोन कंपन्यांकडे नोंदवू नका, दुबार नोंद झाली की दोन्हीकडून बाद. नोंदणी फी मागितली तर तिथंच थांबा. ओटीपी तर नवऱ्यालाही सांगू नका.

सही करा किंवा नका करू, आजपासून एक वही घाला: नांगरट कधी, पाचटाचं काय केलं, खत किती, बिलं चिकटवून. उद्या चांगला प्रकल्प आला तर मागच्या तीन वर्षांचा पुरावा याच वहीतून निघेल.

जतहून, माडग्याळ भागातल्या मेंढपाळाचा फोन: अमेरिकेत जनावरं चारणाऱ्यांना कार्बनचे पैसे मिळतात. आमच्या मेंढ्या तर अख्ख्या जिल्ह्याला खत देतात. आम्हाला काय?

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, मामा. तिकडच्या पशुपालकाकडे कुरण मालकीचं असतं किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं. तो कुंपण घालून एक तुकडा चारतो, बाकीच्यांना विसावा देतो, गवताची मुळं खोल जातात आणि कर्ब साठतो. पैसे मिळतात ते त्या जमिनीला. तुम्ही चारता ते गायरान, माळ आणि दुसऱ्याचं रान. गायरानाचा कर्ब तुमच्या नावावर विकता येत नाही.

लेंडीखताचंही असंच. बाहेरून आणलेल्या खतानं एका रानाचा कर्ब वाढला, तर ज्या माळावरून तो आला तिथला कमी झाला असं धरून वजावट करतात. शिवाय कळप वाढला की मेंढ्यांच्या पोटातला मिथेन तुमच्या खात्यावर खर्ची पडतो. त्यामुळे या वाटेनं पैसे येतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

पण भाव वाढवून मागायला ही वेळ चांगली आहे. क्रेडिटच्या बोलण्यानं बागायतदारांना कर्बाची किंमत कळायला लागलीय. खतासाठी रात्री रानात कळप बसवण्याचा दर ठरवताना मेंढ्यांची संख्या आणि रात्री दोन्ही वहीत लिहून घ्या, नुसतं ‘चार पायली ज्वारी’ वर सोडू नका. आणि रानमालकाला सांगा: मेंढ्या उठल्या की दुसऱ्याच दिवशी कुळवाची पाळी घाला. लेंड्या-मूत उन्हात उघडं राहिलं की नत्र वाऱ्यावर जातं, आणि पीक फिकं निघालं की बोल तुमच्या मेंढ्यांना लागतो.