बडोद्याच्या लॉनमध्ये मोल नाही, घूस आहे

तुम्ही विचारलंय, गोत्रीच्या टेनामेंटमागच्या लॉनवर रोज सकाळी मातीचे ताजे ढीग दिसतात, इंटरनेटवर फोटो ताडून पाहिल्यावर ते मोल नावाच्या प्राण्याचं काम वाटलं, तर आता एरंडेल ओतायचं, आवाज करणारे खुंटे रोवायचे की विष ठेवायचं? घरात लहान मूल आणि कुत्रा आहे हे लिहिलंत ते फार बरं केलंत. विषाचा प्रश्न तिथेच बराचसा निकालात निघतो.

मोल डोक्यातून काढून टाका. आपल्या देशात तो सापडतो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे, गुजरातेत नाही. युरोपातला मोल गांडुळं खाऊन जगतो, मुळांना आणि कंदांना तोंड लावत नाही, आणि जवळजवळ सगळा जन्म जमिनीखाली काढतो. तुम्ही वाचलेले उपाय त्याच्यासाठी निघालेत. ब्रिटनमध्ये तर 2006 पर्यंत त्याला स्ट्रिक्निन घालत होते, मग बंदी आली. लक्ष्मी विलास पॅलेसची बाग आखायला विल्यम गोल्डरिंग विलायतेहून आला होता. लॉनची हौस आपल्याकडे तिकडूनच आली, तेव्हा सल्लेही तिकडचेच सापडणार. उकरणारा प्राणी मात्र इथला आहे. तुमच्याकडे बहुतेक घूस आहे. शेजारचे गुजराती लोक तिला कोळ म्हणतात. पिंजरा आणायला जाल तेव्हा दुकानात तेच सांगा.

तरी खात्री करून घ्या. पावसाळ्यात बारीक दाणेदार मातीच्या छोट्या गुठळ्या दिसल्या तर त्या गांडुळांच्या. त्यांना हात लावू नका, जमीन सुधारतेय. बारीक भोकाभोवती भुसभुशीत पूड असेल तर मुंग्या. घुशीचा ढीग ओबडधोबड असतो, त्यात ढेकळं असतात, आणि बिळाचं तोंड बऱ्याचदा आतून मातीने बंद केलेलं असतं. चिचुंद्रीवर आळ घेऊ नका. ती किडे खाते, वास मारते, पण असे ढीग काढत नाही.

आता एक जुनी शेतकी युक्ती करा. संध्याकाळी सगळे ढीग फावड्याने सपाट करा, सगळी भोकं मातीने दाबून बंद करा. सकाळी जे उघडलेलं दिसेल तेच चालू बीळ. लॉनभर ढीग दिसले तरी चालू बिळं सहसा मोजकीच निघतात, आणि त्यांची रांग बघितली तर ती कुठून तरी येत असते: कंपाउंडच्या भिंतीखालून, गटाराच्या फुटक्या पाइपाकडून, खताच्या खड्ड्यापासून. ती जागा सापडली की तुमचं खरं काम तिथे आहे. लॉन नंतर.

घूस लॉनसाठी येत नाही. तिला खायला हवं, पाणी हवं आणि उकरायला मऊ माती हवी. मे महिन्यात आजूबाजूची जमीन दगड झालेली असताना रोज पाणी पिणारा हिरवा तुकडा एकट्या तुमच्याकडे असतो. त्यात कबुतरांना टाकलेली ज्वारी, रात्रभर बाहेर राहिलेलं कुत्र्याचं ताट, उघडा खतखड्डा. बडोद्यात चबुतऱ्याला दाणे टाकायची पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण अंगणात टाकायचे तर सकाळी टाका आणि दुपारपर्यंत झाडून घ्या. ताट रात्री आत. खतखड्ड्याऐवजी झाकणाचं पिंप. पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्या. एवढं केलं नाही तर पकडलेल्या घुशीच्या जागी दुसरी येते. मादी साधारण 3 आठवड्यांत विते आणि एका वेतात 6-8 पिल्लं सहज होतात.

पकडायला लोखंडी पिंजराच घ्या, आणि मोठा. उंदराच्या पिंजऱ्यात लहान जातीची पाव किलोची घूस कशीबशी मावेल, मोठ्या जातीची किलोभराची मावणार नाही. पिंजरा लॉनच्या मधोमध ठेवू नका. भिंतीला लागून, चालू बिळाच्या वाटेवर ठेवा आणि वर गोणपाट टाका. पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, आत खाऊ ठेवा, तिला निर्धास्त खाऊ द्या. मग दार सोडून पिंजरा लावा. खाऊ तळलेला हवा: भजी, शिळा गाठिया, शेंगदाणे. ज्या पिंजऱ्यात एक सापडली तो नुसत्या पाण्याने धुऊन परत लावला तरी चालतो. मेलेली किंवा जिवंत, उघड्या हाताने धरू नका. डिवचली की केस फुलवून गुरगुरते आणि चावते. तिच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात तो दरवर्षी चर्चेत असतो. विलायती माळी मोलच्या ढिगाची माती कुंड्यांना वापरतात असं वाचाल. इथे ती हौस नको. हातमोजे, बूट, आणि काम झालं की साबण.

विषाबद्दल. झिंक फॉस्फाईडला उतारा नाही. पोटात गेलं की फॉस्फीन वायू तयार होतो, कुत्र्याच्याही. शिवाय अर्धवट डोस खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं, जनावर काही दिवसांनी मरतं, आणि तेवढ्या वेळात ते घुबडाच्या किंवा तुमच्या कुत्र्याच्या तोंडी लागू शकतं. व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण वेळेत लक्षात आलं तर. धान्यात कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्या घरगुती ग्राहकाला विकायला परवानगीच नाही, आणि त्यांचा वायू मातीतून, घराच्या पायातल्या फटींतून खोलीत शिरतो. अशाने माणसं गेली आहेत.

आवाजाचे खुंटे घेऊ नका, घूस दोन दिवसांत त्या आवाजाला सरावते. एरंडेल गुजरातेत देशात सगळ्यात जास्त निघतं, म्हणून लॉनमध्ये ओतायचं कारण नाही. डांबराच्या गोळ्यांनी माती खराब होते. मिरचीची धुरी दिली की घूस दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते, रात्री परत येते. बिळात होज सोडू नका, हे विशेष करून सांगतो, कारण बीळ भिंतीखाली गेलेलं असेल तर पाणी पायातली माती घेऊन जातं. लॉन महिन्याभरात भरून येईल, खचलेली भिंत येणार नाही.

शेवटी बुजवणं. सलग चार-पाच सकाळी एकही बीळ उघडलं नाही की मगच बुजवा. विटांचे तुकडे आणि माती थरांथरांनी ठोकून भरा. भिंतीच्या कडेने दीड-दोन फूट खोल चर खणून 12 मिलिमीटरची वेल्डेड जाळी उभी पुरा आणि तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा. गटाराच्या तोंडालाही जाळी लावा. माळ्याला हे काम जास्त वाटेल, गवंड्याला सांगा. उखडलेल्या जागी हरळी असेल तर नुसत्या काड्या खोचा, पावसाळ्यात आपोआप पसरते. मेक्सिकन लॉन असेल तर तुकडे लावावे लागतील.

धामण दिसली तर हाकलू नका, आणि सर्पमित्रालाही बोलवू नका. बिनविषारी आहे. कुत्र्याला मात्र आत घ्या.