गॅसचं जहाज येताना

नवी बोट घेतलीस, अभिनंदन. दाभोळ-अंजनवेलकडे जाळं टाकणार असशील तर एक गोष्ट आधीच सांगतो.

तिथे येणाऱ्या एलएनजीच्या, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूच्या, जहाजात गॅस उणे १६२ अंशांना द्रवरूपात असतो. सांडला तर जवळपास सहाशे पट फुगतो. थंड असल्यामुळे सुरुवातीला वर न जाता पांढऱ्या धुक्यासारखा पाण्यालगत सरकत येतो. आणि वास नसतो! घरच्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला. म्हणजे तुझ्या बोटीवरचा चहाचा स्टोव्ह किंवा खलाशाची बिडी भडका उडवायला पुरे.

म्हणून जहाजाच्या जवळ जायला मनाई असते. ती जहाजाबरोबर सरकते, धक्क्याला लागल्यावरही सुटत नाही. किती अंतर, ते बंदराच्या नोटिशीत बघ; ऐकीव आकड्यावर जाऊ नकोस. दिवसा लाल बावटा आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा लाल दिवा, ही त्या जहाजाची खूण. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू ठेव, गाणी मोबाईलवर ऐक.

पाच छोटे भोंगे ऐकलेस तर समज, तुझा काय विचार आहे ते जहाजावरच्यांना कळत नाहीये. एवढं धूड लगेच थांबत नाही, हलायचं आपणच. एकदा माझं जाळं ओढीने चॅनेलमध्ये गेलं, जहाज ओढणारा टग अंगावर आला, शेवटी दोर कापावा लागला. दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. आता जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची बोट बाहेर पडताना दिसली की मी आधीच जाळं ओढायला घेतो.